‘घरबसल्या जपान’ म्हणणाऱ्या निनावींना

महोदय (नाव लिहिलं नाहीत, म्हणून महोदयच),

अमाबिए या जपानी लोककथेतल्या समुद्री प्राण्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही चार ओळी टाकल्यात. अमाबिएची गोष्ट सांगणाऱ्या जुन्या छापील पत्रकाचं साल चुकलंय. क्योतोच्या ‘निचिबुन्केन’ संस्थेच्या योकाई डेटाबेसमध्ये भुताखेतांच्या मूळ कथा नसतात, नुसते सारांश असतात, आणि मी तेच मूळ म्हणून दिलेत. कुझुशिजी, म्हणजे तिथली जुनी घसटी लिपी येत नसताना ‘कागद वाचला’ म्हणू नये. आणि शेवटी: ‘घरबसल्या माउस फिरवून जपान कळत नाही, ताई.’

साल चुकलं, कबूल. १८६४ नव्हे, १८४६. शेवटचे दोन आकडे उलटे पडले. दुरुस्त केलंय, आभार.

आता ते ‘ताई’. ओळखपाळख नसताना चिकटवलेली ताई आदराची नसते, हे मी सांगायला नको. आणि ‘घरबसल्या’ म्हणजे काय हो? माझे आजोबा मोडी वाचायचे. उन्हाळ्यात ओटीवर जुन्या कागदांचे रुमाल सोडून बसायचे, शेजारी मी. एका दप्तरखान्यात त्यांना तीन दिवस बाकावर बसवलं आणि चौथ्या दिवशी सांगितलं, किल्लीवाले साहेब रजेवर आहेत. परत गेलेच नाहीत ते. त्यामुळे क्योतो विद्यापीठाच्या ग्रंथालयातलं ते पत्रक रात्री अकराला डोंबिवलीत पडद्यावर उघडतं, याची किंमत मला तुमच्याकडून शिकायची नाही. त्यावरची अमाबिए अशी: लांब केस, पक्ष्याची चोच, अंगभर खवले, डोळे थेट शंकरपाळ्यांसारखे. हिगो प्रांताच्या समुद्रात रोज रात्री काहीतरी चमकतं म्हणून अधिकारी बघायला गेला, तर हे बाहेर आलं आणि म्हणालं: सहा वर्षं पीक चांगलं येईल, पण रोगराईही पसरेल, माझं चित्र काढून लोकांना दाखवा. २०२० साली लोकांनी तेच केलं, जपानच्या आरोग्य मंत्रालयानेसुद्धा.

कागद हातात असला म्हणजे सगळं कळतं, असंही नाही. जुनं नाव ‘अमाबिको’ असावं आणि उतरवताना ‘को’चा ‘ए’ झाला असावा, असं काही अभ्यासक मानतात. तो उतरवणारा काही माउस फिरवत नव्हता!

लिपीचं म्हणाल, तर १९०० साली तिथल्या शाळांसाठी एका ध्वनीला एकच काना, म्हणजे जपानी अक्षर, ठरला; बाकीची जुनी रूपं मागे पडली. आज तिथल्या बहुतेक शिकल्यासवरल्या माणसांनाही पणजीचं पत्र लागत नाही. आपल्याकडे मोडीचं झालं, तसंच. त्यांनाही ‘ताई’ म्हणणार? मी कुझुशिजी वाचून देणाऱ्या ‘मिवो’ अ‍ॅपमधून वाचलं. अ‍ॅपचं चुकतं. आजोबांचंही चुकायचं.

राहिले सारांश. डेटाबेसमध्ये पस्तीस हजारांहून जास्त नोंदी आहेत, कथा कुठल्या नियतकालिकातून घेतली तेही दिलेलं असतं. ज्याला हवं त्याने मूळ अंक गाठावा. मला तेवढा वेळ नव्हता.

पुढच्या खेपेला नाव लिहा.