विमा रद्द करा, पैसे राहू द्या

गाडी विकलीत? बरं झालं. खाऱ्या हवेने पत्रा खाल्लाच होता, गणपतीत आलेल्या एका मुंबईकराला तेवढ्यात ती आवडली, व्यवहार झाला. पण पॉलिसीचे सात महिने शिल्लक आहेत, आणि उरलेला प्रीमियम परत मागावा असं तुमच्या मनात येऊ लागलंय. मंडळी, हे लक्षण बरं नव्हे. वेळीच उपाय करा.

सगळ्यात आधी, काहीही लेखी करू नका. एजंट आपलाच आहे, त्याची आतेबहीण तुमच्याच वाडीत दिलीय. कुडाळच्या बाजारात तो सुरमई घासाघीस करून घेत असेल, तेव्हा मागून हाक मारा आणि सांगा, "रे, ती पॉलिसी बंद करून टाक." तो मागे न बघताच म्हणेल, "काकानू, घाय कित्याक करतास? मी आसंय मा!" झालं, मिळाली पोच. पैसे उरलेल्या दिवसांवर मोजतात, त्यामुळे तुम्ही नक्की कधी कळवलंत याला फार महत्त्व येतं. ई-मेल केलात तर तारीख-वेळ कायमची नोंदली जाते. एवढ्या मोठ्या कंपनीविरुद्ध असा पुरावा तयार करणं आपल्या संस्कारात बसत नाही.

आरसीचं, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदाचं, तसंच. रस्त्यावरच्या गाडीचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरून देणारा, १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे, तो नुसता "नको" म्हटल्याने बंद होत नाही. गाडी दुसऱ्याच्या नावावर गेल्याचा कागद नाहीतर दुसरी पॉलिसी दाखवावी लागते. म्हणून नव्या मालकाकडे आरसीची प्रत मागून त्याला संकोचात टाकू नका. नो क्लेम बोनसचं, म्हणजे दावा न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणाऱ्या सवलतीचं, पत्रही मागू नका. तो बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो, वाढत वाढत ५० टक्क्यांपर्यंत जातो आणि पुढच्या गाडीला लावता येतो. नवी गाडी घ्याल तेव्हा पुन्हा शून्यापासून सुरुवात करा. शरीराला व्यायाम, खिशाला व्यायाम.

यातूनही कंपनीचा हिशेब आलाच, तर तो वाचायचा नाही. फार तर खालची रक्कम बघायची आणि "चला, काहीतरी तरी आलं" म्हणायचं. जुन्या मोटार टॅरिफमध्ये, म्हणजे गाडीविम्याच्या दरपत्रकात, एक तक्ता होता. महिनाभर विमा वापरलात तर कंपनी २० टक्के ठेवणार, दोन महिन्यांना ३०, तीनला ४०, पाच महिन्यांना ६०, आणि आठ महिन्यांच्या पुढे गेलात की नारळ. जून २०२४ मध्ये आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने, सांगून टाकलं की वर्षभराची पॉलिसी ग्राहक कधीही रद्द करू शकतो, कारण देण्याची गरज नाही, आणि दावा केलेला नसेल तर उरलेल्या मुदतीचा प्रीमियम त्या प्रमाणात परत द्यायचा. (दावा केला असेल तर विषय संपला. तिथे नियम आणि कंपनी यांचं दुर्मीळ एकमत आहे.)

आता जीएसटी सोडून १२,००० रुपयांचा प्रीमियम धरा आणि पाच महिने वापर. जुन्या तक्त्याने हातात येणार ४,८०० रुपये. प्रमाणात मोजलं तर ७,०००. मधले २,२०० रुपये कुठे गेले हे विचारायला एक ओळ पुरते: "कपात कोणत्या कलमाखाली केली ते कळवावे." ही ओळ लिहू नका. बांध हातभर सरकला तर आपण तीन पिढ्या कोर्टाची पायरी चढतो, सामायिक फणसाच्या फांदीवरून सख्ख्या काकाला नोटीस धाडतो, ते खरं. पण तिथे समोर चुलतभाऊ असतो. कंपनी थोडीच आपली भाऊबंद आहे!

पैसे कोणत्या मार्गाने यावेत, यातही कौशल्य आहे. प्रीमियम भरताना स्वतःचं खातं वापरू नका. पावसात रेंज जाते, ओटीपी यायच्या आत मुदत संपते, म्हणून मुंबईतल्या भाच्याला फोन लावा. तो लोकलमध्ये उभ्या उभ्या आपल्या कार्डाने भरून टाकेल. पैसे ज्या वाटेने गेले त्याच वाटेने परत पाठवायची पद्धत असल्यामुळे तुमचा परतावा त्याच्या कार्डावर उतरेल. तोवर ते कार्ड त्याने बंद केलेलं असेल तर दुधात साखर.

याहून सोपी वाट म्हणजे पैसे एजंटच्या यूपीआयवर टाकणं. विमा कायदा १९३८ सालचा, त्यातलं ६४ व्हीबी कलम मात्र तुमच्या बाजूने आहे. परताव्याची रक्कम थेट विमेदारालाच द्यायची, क्रॉस चेकने किंवा पोस्टाच्या मनीऑर्डरने, आणि एजंटच्या खात्यात कदापि जमा करायची नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. मनीऑर्डर! गिरणीतल्या चाकरमान्याच्या मनीऑर्डरवर चुली पेटलेल्या मुलखाला याहून जवळचं कलम कुठलं असणार? पण तुम्ही ते काढून दाखवू नका, एजंटला वाईट वाटेल.

खात्यात पैसे हवे असतील तर कंपनी रद्द केलेला चेक मागते. पॉलिसी रद्द करायला आधी चेक रद्द करायचा, हे पटायला थोडा वेळ लागतो. चेकबुक शोधा, ते कुळिथाच्या डब्याखाली असेल. त्यावरचा आयएफएससी बँकांच्या विलीनीकरणाआधीचा असेल. तोच द्या. "तपशील जुळत नाहीत" असा मेसेज येईल, इंग्रजीतून.

आता तक्रार. ती जरूर करा, मन हलकं होतं. फक्त योग्य ठिकाणी करू नका. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहिलंत तर त्याला दोन आठवड्यांत उत्तर द्यावं लागतं. आयआरडीएआयच्या विमा भरोसा पोर्टलवर टाकलीत, १५५२५५ ला फोन केलात, तर नोंदणी क्रमांक पडतो. महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपाल आहे, तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. वकील नाही म्हटल्यावर आपल्याकडे कोण जाणार? मजाच गेली. जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, ग्राहक आयोगही आहे, पण तिथून येताना ओळखीचं कुणी बघितलं तर गावभर चर्चा, "दोन हजारासाठी गेलो हा!"

त्यापेक्षा देवळात जा आणि गाऱ्हाणं घाला.

"बा देवा रवळनाथा..."

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या तुझ्या लेकरान एमएच ०७ ची गाडी इकली, तिच्या इम्याचे पैशे अडकान पडले, तेंचो जो काय गुंतो झालो आसात तो सोडय..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि फॉर्मार जी काय सही चुकली आसात ती पदरात घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

देव ऐकतो, यात शंका नाही. पण त्याच्याकडेही पॉलिसी नंबर द्यावा लागतो, आणि तो एजंटकडे आहे.

एवढी सगळी काळजी घेऊनही पैसे आलेच, तर एजंटला कळू देऊ नका. तो घरी येऊन चहा घेईल, "मी सांगितलं होतं ना" म्हणेल आणि त्याच पैशात बायकोच्या स्कूटीची पॉलिसी उतरवून देईल. हप्ता कुठे भरायचा विचारलंत तर म्हणेल, "माझ्याच नंबरावर टाका, मी बघतो." टाका की. स्क्रीनशॉट काढू नका, त्याला वाटेल विश्वास नाही.