टायर बदलल्यावर ॲव्हरेज पडलं, या तक्रारीला उत्तर

नमस्कार. 265/75 आर16 चे एमटी (चिखलासाठीचे मड-टेरेन) टायर, 50 मिमी लिफ्ट (गाडी उंच करणारं किट) आणि टपावर कॅरिअर बसवल्यापासून ॲव्हरेज लिटरला 11 किमीवरून 8.5 वर आलं, ‘इंजिनात काहीतरी करून ठेवलं’, असं आपण लिहिलंय. इंजिनाला आमचा हात लागलेला नाही. पण ॲव्हरेज पडणार हे काम घेतानाच सांगायला हवं होतं, ते राहिलं. ती चूक आमची.

आता हिशोब. जुने टायर 245/75 आर16, व्यास 774 मिमी, नवे 804. चाकाच्या एका फेऱ्यात गाडी 3.9 टक्के जास्त पुढे जाते, मीटर मात्र जुन्याच मापाने मोजतं. आपण लिहिलेले 382 किमी प्रत्यक्षात 397 भरतात. 45 लिटरला ते 8.8 पडतं. डॅशबोर्डवरचा आकडाही याच मीटरवरून येतो, त्यामुळे तोही कमीच दिसणार.

उरलेली घट खरी आहे. एमटीचे जाड ठोकळे डांबरावर जास्त ताकद खातात, वजनही जास्त. सिग्नलला थांबत-निघत चालवताना ते लगेच जाणवतं. हायवेवर खरा खाऊ वारा: 80 वरून 100 ला गेलात की त्याचा विरोध दीडपटीहून जास्त होतो, त्यात गाडी उंच आणि वर कॅरिअर. कॅरिअर रिकामं असेल तर उतरवून ठेवा, एवढ्यानेही फरक पडेल.

पावसात गाडी कायम फोर-हायमध्ये (चारही चाकांना ताकद देणाऱ्या मोडमध्ये) ठेवता, हे मात्र थांबवा. आपल्या गाडीला मधला डिफरन्शिअल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग, नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, ती तफावत निघायला वाट नसते. टायर घासतात, ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीवर) ताण येतो. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर गाडी अडकल्यासारखी वाटते ती यामुळेच. डांबरावर टू-हायच, म्हणजे दोनच चाकांना ताकद. वाळूसाठी हवा 18 पीएसआयवर आणली असेल, तर रस्त्यावर येताच परत भरा.

लिफ्टनंतर टो, म्हणजे चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन, सरकतो. आपल्या कामात अलाइनमेंटची (चाकांचे कोन जुळवण्याची) नोंद दिसत नाही, म्हणून ते आणि मीटरचं सेटिंग आम्ही बिनापैशात करून देतो. येताना शेवटचे काही किलोमीटर ब्रेक कमीत कमी वापरा आणि थांबल्यावर तळहात प्रत्येक रिमजवळ न्या. एकच चाक तापलेलं असेल तर कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) धरतोय, ते आल्याआल्या सांगा.

नंतर एकाच पंपावर, पहिल्या ऑटो-कटपर्यंत (नोझल आपोआप बंद होईपर्यंत) टाकी भरून किमान 300 किमी चालवा, पुन्हा तशीच भरा. त्यावरून येणारा ॲव्हरेजचा आकडा इथेच लिहा.