‘सदोष बास विकला’ या तुमच्या अभिप्रायाला दुकानातर्फे उत्तर

नमस्कार,

तुमचा दोन स्टारचा अभिप्राय वाचला. पुढे वाचणाऱ्यांसाठी तुमच्या तक्रारी थोडक्यात लिहितो. मे महिन्यात आमच्याकडून ४ तारांचा बास (बास गिटार) घेतला. ऑगस्टमध्ये घरी तारा बदलल्या, तेव्हापासून ई तार (सगळ्यात जाड) पहिल्या चार-पाच फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, खडखडते. व्हिडिओ बघून ट्रस रॉड (मानेच्या आतली धातूची सळई) घट्ट केला तर खडखड वाढली. नवी कोरी ई तार भद्द वाजते. जी तारेवरचा (सगळ्यात बारीक) पाचव्या फ्रेटचा सूर लगेच विझतो. अ‍ॅम्पमधून घूं असा आवाज येतो. पाच तारांचा मागितला असताना चार तारांचा गळ्यात मारला. आणि दुकानात आणला तेव्हा ‘तारा चुकीच्या लावल्यात’ एवढं सांगून सेटअपचे (मान, तारांची उंची आणि सूर जुळवून देण्याचे) ९०० रुपये मागितले.

शेवटच्या तक्रारीपासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक सरळ आमची आहे. आमच्याकडून घेतलेल्या बासचा पहिला सेटअप वर्षभरात फुकट असतो. हे पावतीच्या मागे छापलेलं आहे, पण पावतीची मागची बाजू कुणी वाचत नाही. ते काउंटरवर तोंडाने सांगायला हवं होतं. तुमच्याकडून ९०० रुपये मागायचे नव्हते. त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

बास सदोष आहे हे मात्र मला मान्य नाही. त्या दिवशी काउंटरवरच्या मुलाने मापं घेतली होती, ते टिपण माझ्यासमोर आहे: ४०-९५ चा सेट, ई तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून आठव्या फ्रेटवरची फट शून्य. सगळं निदान या एका ओळीत आहे, आणि नेमकं तेच तुम्हाला कुणी समजावून सांगितलं नाही.

बास दिला तेव्हा त्यावर ४५-१०५ चा सेट होता. हे आकडे सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात. लांबी तीच आणि सूर तोच असेल तर ताण तारेच्या वजनावर ठरतो, आणि वजन साधारण जाडीच्या वर्गाने वाढतं. त्यामुळे १०५ च्या जागी ९५ आली की ताण जवळजवळ पाचव्या भागाने उतरतो. ३४ इंची बासवर चार तारा मिळून ८०-८५ किलोने मान पुढे ओढत असतात, त्यातले १५ किलो कमी झाले. मानेच्या आतला ट्रस रॉड मात्र पूर्वीइतक्याच जोराने उलट्या बाजूला ओढतोय. मग मानेचा हलका खोलगटपणा जातो आणि खालच्या फ्रेटवर तार दाबली की ती पुढच्या फ्रेटला घासते. अशा वेळी रॉड घट्ट करणं म्हणजे आधीच ताठ झालेली मान आणखी मागे खेचणं. व्हिडिओतला सल्ला खोटा नाही, तो उलट रोगाचा आहे. त्यात मेचा कोरडा उन्हाळा आणि ऑगस्टची ओल यांच्यामध्ये लाकूड हलतंच, म्हणून पावसाळ्यात एकदा माप घ्यावंच लागतं.

खडखड कुठे आहे ते आधी ऐका. फक्त मोकळी (न दाबलेली) तार खडखडली तर नट, म्हणजे मानेच्या डोक्याकडची तारांच्या खाचांची पट्टी, बघायचा. बारीक सेट जाड सेटच्या खाचेत सैल बसतो, तेव्हाही असं होतं. पहिल्या पाच फ्रेटवर असेल तर मान फार सरळ. बाराव्याच्या पुढे असेल तर बहुधा सॅडल (घोडीवरचा तारेचा टेकू) खाली किंवा मान जास्तच खोलगट. एकाच फ्रेटवर असेल तर त्याच्या पुढचा फ्रेट वर आलेला. तो दुकानातच घासून घ्यायचा, घरी कानस लावू नका. आणि अ‍ॅम्पला न जोडता ऐकू येणारी थोडी टणटण अ‍ॅम्पमधून येत नसेल तर तिच्या मागे लागू नका.

रॉड घरी सोडवायचा असेल तर असा. बास सुरात लावा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, ई तार शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि आठव्या फ्रेटचा माथा ते तारेची खालची बाजू यातली फट बघा. ०.३० मिलिमीटर हवी. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) नसेल तर व्हिजिटिंग कार्ड जवळपास तेवढ्याच जाडीचं असतं. ते तार न उचलता जेमतेम सरकलं पाहिजे. तुमच्या बासचा रॉड डोक्याकडून फिरतो. सोबत दिलेली अ‍ॅलन की तळापर्यंत बसवून घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा, बस्स. पुन्हा सुरात लावा, पुन्हा मोजा, रात्रभर ठेवा आणि सकाळी परत मोजा. लाकूड सावकाश बसतं. की घसरते असं वाटलं तर तिथेच थांबा. आतला षटकोन गोल झाला तर दुरुस्ती खर्चिक होते. मान जागेवर आल्याशिवाय सॅडलला हात लावू नका. नंतर सतराव्या फ्रेटवर ई खाली सुमारे २.४ मिलिमीटर आणि जी खाली २ मिलिमीटर ठेवा. शेवटी बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसत्या स्पर्शाने निघणारा सूर) आणि दाबलेला सूर ट्यूनरवर जुळवा: दाबलेला चढा आला तर सॅडल मागे, उतरला तर पुढे. जाडी बदलली की हेही बदलतं.

आता भद्द वाजणारी ई तार. टिपणात लिहिलंय की खुंटीवर तिचा एकच वेढा आहे आणि टोक काटकोनात मुडपलेलं नाही. बासच्या तारेत मधे एक गाभा असतो आणि त्यावर जाड वेष्टण गुंडाळलेलं असतं. टोक न मुडपता कापलं की वेष्टण गाभ्यावर सैल होऊ शकतं, आणि मग तार कितीही नवी असली तरी तिचा आवाज मेलेला येतो. तसं झालं असेल तर त्या तारेला इलाज नाही. पण नुसता पीळ पडला असेल तर वाचेल: तार ढिली करा, टोक खुंटीतून बाहेर काढा, तार हातात मोकळी सोडा म्हणजे पीळ आपोआप उलगडेल, मग पुन्हा बसवा. आधी हे करून बघा.

पुढच्या वेळी तार घोडीतून ओवून सरळ ताणा आणि आपल्या खुंटीच्या पुढे साधारण १२ सेंटीमीटर मोजा. तिथे पकडीने काटकोनात मुडपा आणि त्या कोपऱ्याच्या पुढे कापा. क्रम उलटा करायचा नाही. टोक खुंटीच्या मधल्या भोकात तळापर्यंत घाला, तार चिरेतून बाहेर काढा आणि वेढे वरून खाली येऊ द्या, एकावर एक चढू देऊ नका. अडीच ते तीन वेढे पुरतात. तुमच्यासारख्या एका रांगेत खुंट्या असलेल्या डोक्यावर ए तारेकडे विशेष लक्ष द्या. डी आणि जीला वरून दाबणारी छोटी पट्टी असते, एला ती नसते. वेढे खुंटीच्या पायथ्यापर्यंत उतरले नाहीत तर नटवर तिला पुरेसा कोन मिळत नाही आणि मोकळी ए झणझणते. टोकाचा रेशमी भाग नटच्या पलीकडेच राहिला पाहिजे. सुरात आल्यावर नटच्या आणि सॅडलच्या लगेच पुढे अंगठ्याने तार हलकेच दाबा, म्हणजे ती तिथे कमानीसारखी न राहता सरळ निघते. एवढ्यानेही आवाज उघडतो.

जी तारेवरचा सूर विझण्याबद्दल. पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या दरम्यान असा ‘डेड स्पॉट’ बोल्टने मान जोडलेल्या अनेक बासवर सापडतो, महागड्यांवरही. त्या कंपनाला लाकडी मानही थरथरते आणि तारेची ऊर्जा खाऊन टाकते. डोक्यावर एखादा छोटा क्लँप लावून तोच सूर वाजवून बघा. वजन वाढल्याने जागा सरकते. किंवा तोच सूर (सी) डी तारेच्या दहाव्या फ्रेटवर घ्या, तिथे तो भरून वाजेल. बास घेताना प्रत्येक फ्रेटवर सूर धरून किती वेळ टिकतो ते ऐकायचं असतं. ते आम्ही तुम्हाला करून दाखवलं नाही, आणि ही तक्रार मला पूर्ण मान्य आहे.

घूं आवाज: तुमच्या बासवर दोन सिंगल कॉइल पिकअप (तारेची कंपनं टिपणारे, एकाच वेटोळ्याचे) आहेत. दोन्हींचा व्हॉल्यूम पूर्ण ठेवलात की ते एकमेकांची घरघर मारतात. एकाचा कमी केला की ती परत येते. तारांना हात लावल्यावर आवाज कमी होत असेल तर आतली अर्थ वायर शाबूत आहे. वाढत असेल तर बास लगेच घेऊन या. अ‍ॅम्पचा तीन पिनचा प्लग दोन पिनच्या अडॅप्टरवर लावू नका, घरातल्या सॉकेटला अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. बास वाजवताना दोन्ही हात धातूच्या तारांवर असतात, म्हणून ही गोष्ट आवाजापेक्षा जिवासाठी जास्त महत्त्वाची.

पाच तारांच्या बासबद्दल आमचा सल्ला आजही तोच राहील: चार तारांचाच घ्या. पाचव्या तारेचा खालचा बी ३०.९ हर्ट्झचा, ई ४१.२ चा. तुमच्या ८ इंची स्पीकरच्या अ‍ॅम्पवर ईसुद्धा मुख्यतः वरच्या हार्मोनिक्समधूनच (मूळ सुरासोबत वाजणाऱ्या वरच्या सुरांमधूनच) ऐकू येतो. बी गढूळ वाजला असता आणि तुम्ही बासला दोष दिला असता. गाण्यात ईच्या खालचा डी लागला तर ई तार दोन फ्रेट उतरवून लावता येते, पण त्यासाठी ९५ ची तार सैल पडते, १०५ ची हवी. तरीसुद्धा तुम्ही मागितलेला बास तुमच्या हातात देऊन, त्याच अ‍ॅम्पवर वाजवून, मग हे सांगायला हवं होतं.

बास घेऊन या. सोमवार सोडून कोणत्याही दिवशी, शक्यतो सकाळी, म्हणजे तुमच्यासमोर मापं घेता येतील. ४०-९५ चा सेट बोटांना सोपा वाटत असेल तर तोच ठेवू, नटच्या खाचा आणि मान त्याच्याप्रमाणे जुळवू. ई तार गेलेली निघाली तर त्याच जाडीची सुटी तार आम्ही देऊ. काढलेल्या जुन्या तारा टाकल्या नसतील तर सोबत आणा. आणि दुकानात ठेवल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळीच न्या, रॉड फिरवल्यानंतर एक रात्र मला ती मान टांगून ठेवून पुन्हा मोजायची आहे.