भडंगातले दाणे कुणाचे?

भडंग करायला एक दुपार पुरते. ते नातेवाइकांत वाटायला मात्र आम्हा सांगलीकरांना आयुष्य कमी पडतं. कारण साधं आहे: दाणा जड, चुरमुरा हलका. पातेलं दोनदा हललं की दाणे तळ गाठतात. वरून भरलेला पहिला डबा मानाचा म्हणून थोरल्या जाऊबाईंना जातो, त्यात नुसते चुरमुरे. तळाचा धाकटीला जातो, त्यात चुरमुरे शोधावे लागतात. मग पुढची वीस वर्षं प्रत्येक लग्नात हा विषय निघतो. बांधावरून भांडणारे भाऊ निदान तलाठ्याकडे जातात. दाण्यांचा सातबारा निघत नाही.

म्हणून आधी हिशोब. भडंगाचे जाडे चुरमुरे अर्धा किलो, म्हणजे घरातलं सगळ्यात मोठं पातेलं. दाणे पाव किलो, तेल दीड वाटी, लसणाचे दोन गड्डे सालासकट ठेचून, दोन मुठी कढीपत्ता. चुरमुरे तासभर उन्हात, नाहीतर मंद आचेवर, चिमटीत कुर्रकन मोडेपर्यंत. ही पायरी गाळणारी माणसं असतात. त्यांच्याकडचं भडंग चावताना आवाज येत नाही आणि सगळे एकमेकांकडे बघत ‘छान झालंय’ म्हणतात.

तेलात आधी दाणे तळून बाजूला काढायचे. मग लसूण, तोही मंद आचेवर पार खुसखुशीत होईस्तोवर. मऊ राहिला तर दुसऱ्या दिवशी सगळा डबा सादळतो. कढीपत्ता पुसून कोरडा केलेला हवा, नाहीतर तेल थेट अंगावर येतं. तो तडतडला की गॅस बंद करून हळद. २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेली आमची सांगलीची हळद इथं एकच चमचा. अभिमानापोटी दुसरा पडला, तर भडंग कडवट होतं आणि पाहुण्यांची बोटं बघून ‘लग्न कुणाचं?’ विचारायची वेळ येते. तिखट मिनिटभर थांबून. कडकडीत तेलात पडलं की ते करपतं आणि शेजारच्या काकू ठसकत ठसकत विचारतात, ‘आज भडंग वाटतं? आम्हाला किती देणार?’ मग या फोडणीत चुरमुरे घालून हलवायचे. मीठ आणि दोन चमचे पिठीसाखर सगळं निवल्यावर. गरम असताना घातलं तर साखरेच्या गुठळ्या होतात आणि त्या नेमक्या मधुमेही आत्याच्या वाट्याला येतात.

आता खरी परीक्षा. तळलेले दाणे पातेल्यात मिसळायचेच नाहीत. डबे ओळीनं मांडायचे, भडंग भरायचं आणि दाणे प्रत्येक डब्यात वाटीनं मोजून वरून घालायचे, शक्यतो साक्षीदारांसमोर. कोमट भडंगावर झाकण लावू नये, आत वाफ धरते. पुण्याला एसटीनं जाणारा डबा गळ्यापर्यंत दाबून भरावा, म्हणजे हिंदकळायला जागा उरत नाही. लसणाचा वास लपत नाहीच. कराड यायच्या आत शेजारच्या सीटवरून ‘सांगलीचे का तुम्ही?’ आलंच म्हणून समजा. त्यासाठी कागदात वेगळी मूठ ठेवावी. मुख्य डबा उघडला तर स्वारगेटला निम्मा उतरतो.

डबा परत रिकामा यायचा नाही, हा अलिखित कायदा. निदान चिमूटभर साखर तरी हवी. त्यामुळे स्टीलच्या डब्यावर नाव आजीच्या माहेरचं, आत काकूंची चकली, असे डबे फिरत राहतात आणि मूळ मालक कोण यावर एकमत होत नाही.

भडंग सादळलंच, तर कढईत मंद आचेवर पाच मिनिटं हलवलं की सुधारतं. तेलाला खवट वास आला, तर मात्र इलाज नाही. ती वेळच येऊ नये म्हणून एक डबा हॉस्टेलवरच्या भाच्याला पाठवावा. तिथं दाणे वर की खाली असला वाद नसतो, संध्याकाळपर्यंत दोन्ही संपतात. फक्त डबा परत मागू नये. त्यात आता कपड्यांचा साबण असतो.