नेपाळचं हिंदू राष्ट्र १९९१ च्या निवडणुकीने बुडालं नाही

माझी आत्या पशुपतिनाथाच्या यात्रेला निघाली आहे. तिला कुणीतरी एक फॉरवर्ड धाडला आणि तिने तो जसाच्या तसा घरच्या ग्रुपवर टाकला. म्हणे, १९९१ मध्ये नेपाळात बहुपक्षीय निवडणूक झाली आणि तिथेच जगातलं एकमेव हिंदू राष्ट्र संपलं. निकाल आधीच ठरला होता, लोकांना पक्ष नकोच होते, सगळं दिल्लीने घडवलं.

यातला पहिला दावा धडधडीत खोटा आहे. १२ मे १९९१ ची ती निवडणूक ज्या राज्यघटनेखाली झाली, ती ९ नोव्हेंबर १९९० ला खुद्द राजे वीरेंद्र यांनी जारी केली होती. तिचं कलम ४ वाचा. बहुजातीय, बहुभाषिक, लोकशाहीवादी अशा विशेषणांच्या रांगेतच नेपाळला 'हिंदू' अधिराज्य म्हटलंय. कलम २७ नुसार राजा हिंदू धर्माचाच हवा. धर्मनिरपेक्षतेची घोषणा झाली मे २००६ मध्ये आणि राजेशाही गेली २८ मे २००८ ला. म्हणजे १९९१, १९९४ आणि १९९९ अशा तीन बहुपक्षीय निवडणुका हिंदू राष्ट्रातच पार पडल्या! मधलं माओवादी युद्ध, राजवाड्यातलं हत्याकांड, २००५ मध्ये राजे ज्ञानेंद्र यांनी स्वतःच्या हातात घेतलेली सत्ता, यातलं काहीच फॉरवर्ड लिहिणाऱ्याला आठवलं नाही.

निकाल ठरलेला होता, तर ज्यांच्या सरकारने निवडणूक घेतली ते हंगामी पंतप्रधान कृष्णप्रसाद भट्टराईच काठमांडूत कसे पडले? त्यांना एमाले या कम्युनिस्ट पक्षाच्या मदन भंडारींनी हरवलं. २०५ पैकी ११० जागा नेपाळी काँग्रेसच्या, ६९ एमालेच्या.

लोकांना पक्ष नकोत, हे १९८० च्या सार्वमतापुरतं खरं. तेव्हा पंचायत व्यवस्थेला, म्हणजे पक्षांना बंदी असलेल्या राजाच्या राजवटीला, सुमारे ५५ टक्के मतं पडली होती. पण १९९१ ला सुमारे ६५ टक्के मतदान झालं आणि पंचायतवाल्यांच्या दोन्ही राप्रपांना (राष्ट्रीय प्रजातंत्र पक्ष या एकाच नावाच्या दोन पक्षांना) मिळून ४ जागा मिळाल्या.

राहिली दिल्ली. १९८९ मध्ये व्यापार-पारगमन करार संपल्यावर भारताने सीमेवरची बहुतेक नाकी बंद केली, नेपाळात इंधनाची टंचाई झाली आणि पंचायत राजवट खिळखिळी व्हायला त्याची मदत झाली, हे नाकारता येत नाही. पण एप्रिल १९९० मध्ये काठमांडूच्या दरबारमार्गावर लोकशाहीच्या आंदोलनात गोळ्या झेलल्या त्या नेपाळी माणसांनी. पक्षांवरची बंदी त्यानंतर दोनच दिवसांत उठली. त्या माणसांबद्दल या फॉरवर्डमध्ये एक ओळही नाही.