दोन मिनिटांचा थांबा आणि माझी सायकल

मागच्या हिवाळ्यात सोलापूरहून विजयपूरमार्गे बदामीपर्यंत सायकलने गेलो आणि परतीला होटगीमार्गे सोलापूरला जाणारी गाडी धरायची ठरवली. एका लहान स्थानकावर (नाव घेत नाही) सायकलची रीतसर पावती फाडली गेली, हँडलला चिठ्ठीही बांधली गेली. पण गाडी मला घेऊन सुटली तेव्हा सायकल फलाटावरच उभी होती. थांबा दोन मिनिटांचा, ब्रेक व्हॅन (सामानाचा डबा) पार टोकाला, आणि चढवायला माणूस नाही. दुसऱ्या दिवशी ती सोलापुरात पोहोचली, ती मागचे मडगार्ड वाकवून घेऊनच.

नियम वाईट नाही. तिकीट दाखवून सायकल 'लगेज' म्हणून नोंदवली की ती आपल्याच गाडीने यावी, आणि तिकिटाविना पाठवली तर ती 'पार्सल', म्हणजे जागा मिळेल त्या गाडीने जाणारी. व्यवहारात मात्र दोन्हींना सारखीच वागणूक मिळते. बॅगांचा प्रश्न नव्हता. स्लीपरला ४० आणि सेकंड क्लासला ३५ किलो सामान विनामूल्य नेता येते, आणि तंबूसह माझे ओझे १८ किलोही भरत नव्हते. सायकल डब्यात नेणे मात्र अशक्यच, कारण तिथे १०० बाय ६० बाय २५ सेंटिमीटरपेक्षा मोठी पेटी चालत नाही. म्हणजे उरतो तो ब्रेक व्हॅन, आणि त्यातलेही काही कप्पे अनेक गाड्यांत खासगी मालवाहतूकदारांना भाडेपट्ट्याने दिलेले असतात.

माझे म्हणणे एवढेच आहे की तिकीट काढतानाच त्या गाडीत सायकलसाठी जागा आहे की नाही हे कळावे, आणि जिथे हमाल नाही तिथे पावती दाखवणाऱ्या प्रवाशाला स्वतःच्या हाताने सायकल चढवू द्यावी. भाडे दुप्पट घ्या, हवे तर. पावती हातात असूनही सायकल गाडीत आहे की फलाटावर, या विचारात प्रवासभर बसणे त्याहून महाग पडते.

बांधणीची अक्कल मला सोलापूरच्या फलाटावर एका वयस्कर हमालाने शिकवली. चादरींच्या गठ्ठ्यांशेजारी सायकल आडवी करताना त्यांनी ती उलटवली आणि म्हणाले, "मालक, ही गिअरची बाजू वर राहू द्या, वरून गठ्ठा पडला तर तारच तुटंल." तेव्हापासून गिअरवर पुठ्ठा आणि गोणपाट सुतळीने आवळतो, हँडल आडवे फिरवतो आणि पेडल काढून बॅगेत टाकतो. (डावे पेडल उलट्या आट्याचे असते, हे विसरून मी एकदा पान्यावर अर्धा तास उभा राहिलो होतो.) नाव, फोन नंबर आणि उतरण्याचे स्थानक पुठ्ठ्यावर मार्करने दोन्ही बाजूंना लिहितो, कारण चिठ्ठी फाटते.

आता मी प्रवासच उलटा आखतो. गाडी सोलापुरातूनच सुटणारी असेल तर ती फलाटावर बराच वेळ उभी असते, म्हणून तासभर आधी जाऊन सायकल डोळ्यांदेखत चढवून घेतो, आणि परतताना ती चालवत घरी येतो.