लँडस्केपला २.८ च पाहिजे? नाही हो, नाही पाहिजे

पावसाळा तोंडावर आला की पुण्यातल्या ट्रेकिंगच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. थोडक्यात असा: लँडस्केप, म्हणजे निसर्गदृश्यांचे फोटो, करायचं तर एफ २.८ चीच लेन्स घ्या, हलकी लेन्स म्हणजे प्लास्टिक, ती शार्प नसते, माउंट (लेन्स कॅमेऱ्याला जोडणारी मागची कडी) तुटतो, सह्याद्रीच्या पावसात टिकत नाही, आणि अल्ट्रावाईड, म्हणजे खूप रुंद दृश्य टिपणारी लेन्स, नसेल तर लँडस्केपच्या नादी लागूच नका. हे वाचून नवीन नोकरीला लागलेली पोरं ईएमआयवर लाखाच्या वरची लेन्स घेतात आणि मग ती जड होते म्हणून घरीच ठेवतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी २.८. हा आकडा म्हणजे लेन्सचं ॲपर्चर, उजेड आत घेणारं भोक, जास्तीत जास्त किती उघडतं ते; आकडा जितका लहान तितकं भोक मोठं. पण लँडस्केप करताना आपण ते एवढं उघडतो कधी? राजगडच्या संजीवनी माचीवर बसलात, पायाशी सोनकी फुललीये आणि समोर तोरणा, दोन्ही शार्प पाहिजे, तर एफ ८ नाहीतर ११ ला जावंच लागतं, लेन्स पंधरा हजाराची असो की दोन लाखाची. साधी किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येते ती) १८ एमएमला, म्हणजे तिच्या सगळ्यात रुंद टोकाला, एपीएस-सी (छोट्या सेन्सरची) बॉडी, एफ ८, फोकस दोन मीटरवर, की एक मीटरपासून पार तोरण्यापर्यंत सगळं पुरेसं शार्प. हेच २.८ ला करायला गेलात तर फोकस जवळपास सहा मीटरवर न्यावा लागतो आणि तीन मीटरच्या अलीकडचं सॉफ्ट होतं, म्हणजे फुलं गेली. अॅन्सेल अॅडम्स, एडवर्ड वेस्टन वगैरे अमेरिकन फोटोग्राफर मंडळींनी १९३२ मध्ये ग्रुप केला तोच एफ ६४ नावाने, इतकं बारीक ॲपर्चर ते मोठ्या फिल्मच्या कॅमेऱ्यांवर वापरायचे. आपल्या छोट्या सेन्सरवर मात्र एफ १६ च्या पुढे जाऊ नका, डिफ्रॅक्शनने, म्हणजे बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरल्याने, सगळाच फोटो मऊ पडायला लागतो.

२.८ कुठे लागतं तेही सांगतो, कारण तिथे मेसेज बरोबर आहे. हरिश्चंद्रगडावर रात्री आकाशगंगा काढायची किंवा जूनच्या सुरुवातीला राजमाचीला काजवे, तिथे ५.६ पेक्षा २.८ चौपट उजेड आत घेतं आणि तो फरक सरळ दिसतो. पण त्यासाठीही जड झूम लागत नाही. कॅननची आरएफ १६ एमएम २.८ फक्त १६५ ग्रॅमची आहे, चहाच्या कपापेक्षा छोटी.

आता 'वजन म्हणजे क्वालिटी'. वजन वाढतं ते मुख्यतः ॲपर्चर मोठं केल्यामुळे, काचा मोठ्या लागतात म्हणून, आणि एफ ८ ला आल्यावर त्या मोठ्या काचेचा फायदा बराचसा संपतो. कोपऱ्यात फरक राहतो, हे मान्य. मिररलेसच्या (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांच्या) बऱ्याच हलक्या लेन्समध्ये डिस्टॉर्शन, म्हणजे सरळ रेषांचा बाक, सॉफ्टवेअरने सरळ करतात आणि कोपरे ताणले जातात, आरएफ १६ मध्ये तर ते चांगलंच आहे. पण १२ बाय १८ च्या प्रिंटमध्ये ते कोणी दाखवून द्यावं. कोकणकड्यावरच्या वाऱ्यात ट्रायपॉड हलला तर त्याच्या दसपट नुकसान होतं, आणि वजनाला कंटाळून ट्रायपॉडच तर आधी घरी राहतो.

वजनाचा हिशोब बघा. निकॉनच्या मिररलेस झेड सिरीजच्या पहिल्या पिढीतल्या २.८ वाल्या तीन झूम, १४-२४, २४-७० आणि ७०-२००, मिळून २.९ किलोच्या आसपास. त्याऐवजी १४-३० एफ ४ आणि २४-२०० घेतल्या तर १,०५५ ग्रॅम. मधला फरक पावणेदोन किलोच्या वर, म्हणजे जवळपास दोन लिटर पाणी, आणि गुंजवण्याकडून राजगड चढताना चोरदरवाज्याच्या शेवटच्या टप्प्यात दोन्ही हात रेलिंगला लागतात तेव्हा पाठीवरचं वजन मागे ओढतं ते वेगळंच.

प्लास्टिक माउंट तुटतो म्हणे. कॅननच्या १०-१८ ला प्लास्टिक माउंट आहे, पण लेन्सच २४० ग्रॅमची, त्या माउंटवर लोड येणार किती? कातळावर आपटली तर धातूचा माउंटही वाकतो. विषय संपला.

पावसाचा मुद्दा मात्र नीट समजून घ्या. लेन्स सील्ड (पाणी-धूळ अडवणारी) आणि बॉडी साधी असेल तर पाणी बॉडीतून जाणारच. कॅननची १७-४० एल तर पुढे फिल्टर लावल्याशिवाय पूर्ण सील्ड होतच नाही. आणि ताम्हिणीत फोटो खराब होतात ते पुढच्या काचेवरच्या थेंबांमुळे, त्यावर सीलिंगचा काही उपयोग नाही, तिथे हूड आणि कोरडा कपडा लागतो. धुक्यात लेन्स बदलायचीच नाही, म्हणून मला तिथे एकच हलकी झूम सगळ्यात सेफ वाटते. फंगस लागतो तो घरी आल्यावर ओली बॅग तशीच कपाटात टाकली की, तो महागडी-स्वस्त बघत नाही, हवाबंद डबा आणि सिलिका जेल एवढाच उपाय.

आणि अल्ट्रावाईड. सह्याद्रीची खरी मजा एकामागे एक फिकट होत जाणाऱ्या रांगांमध्ये आहे, आणि त्या टेलीनेच, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सनेच, मिळतात. तोरण्यावरून राजगडचा बालेकिल्ला १० एमएमने काढा, नखाएवढा येतो. कॅननच्या ५५-२५० एसटीएमने काढा, चांगला मोठा येतो. लेन्सचं वजन ३७५ ग्रॅम, सेकंडहँड आरामात मिळते, आणि तिला व १८-५५ एसटीएम या किट लेन्सला फिल्टर एकच, ५८ एमएमचा, म्हणजे धबधब्यासाठी एकच सीपीएल (चकाकी कमी करणारा पोलरायझिंग फिल्टर) घेतला की काम झालं. उलट निकॉनच्या जुन्या १४-२४ ला पुढची काच एवढी फुगीर की साधा फिल्टर लागतच नाही.

तरी २.८ घ्यायचीच असेल तर आधी वीकेंडला रेंटवर आणा, गडावर चढवा. आणि त्याच्याही आधी लाईटरूम या फोटो सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचे आवडलेले लँडस्केप ॲपर्चरप्रमाणे फिल्टर करा. त्यात एफ ४ पेक्षा लहान आकड्यावर काढलेले किती निघतात ते बघा, आणि मग ठरवा.